बाहेर पडा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी आकाराम गुरव बाहेर पडले. ही नोंद आमच्या सर्व्हरची आहे. त्यांना बाहेर पडताना पाहिलेलं कोणी नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. त्या दिवसाच्या वेळा मी तेव्हाच कागदावर उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून त्या नेमक्या सांगता येतात. बाकीचं जसं आठवतं तसं.

पूरनियंत्रण कक्ष जिल्ह्याच्या गावी, सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. मी तिथे कंत्राटी होते. नदीवर चौदा ठिकाणी पाणी मोजायच्या पट्ट्या रंगवलेल्या आहेत, फूट आणि इंचांच्या. प्रत्येक पट्टीपाशी एक माणूस नेमलेला. तो पट्टी वाचतो आणि फोनवर आमच्या वेबसाईटचं पान उघडून आकडा भरतो. तो आकडा आम्हाला दिसतो आणि सगळ्या जिल्ह्यालाही. ही वेबसाईट मी लिहिली होती आणि ती चालू ठेवणं हे माझं काम होतं. शेजारच्या खुर्चीवर उपअभियंता मगदूम. पट्टीवरची चौदा माणसं त्यांच्या हाताखालची.

सर्वांत वरची पट्टी हिरडेवाडीच्या पुलाची. ती आकाराम गुरव वाचायचे. हिरडेवाडीला जे पाणी आता असतं ते तीन तासांनी खाली चिंचणी पेठेत पोचतं. चिंचणीत सहा हजार वस्ती, एक दवाखाना आणि नदीला लागून बाजारपेठ. हिरडेवाडीला अडतीस फूट सहा इंच ओलांडले की अख्खी पेठ उठवायची, त्याआधी नाही, असं ठरलेलं होतं. दोनदा उगीच उठवल्यामुळे लोक चिडले होते आणि तहसीलदार आकड्याशिवाय हलायला तयार नव्हते.

म्हणजे त्या सकाळी सहा हजार माणसं आकारामांच्या आकड्यावर उभी होती. आणि आकारामांचा आकडा एका ओळीवर उभा होता. ती ओळ सांगायची तर दोन वर्षं मागं जावं लागेल.

वेबसाईट नवी होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी दारात पंचावन्नच्या आसपासचा, पांढरी टोपी घातलेला माणूस उभा राहिला. हातात नायलॉनच्या दोरीनं बांधलेली युरियाची पिशवी.

"हितं वेबसाईटच्या मॅडम कोन?"

"मीच. बोला."

"मी हिरडेवाडी पट्टी. एसटीनं आलोय, चाळीस किलोमीटर." ते खुर्चीत बसले. "काय वं मॅडम, दर तासाला त्ये यंत्र मला 'तू कोन?' म्हनून इचारतंय. घरात बायकूबी इतक्यांदा इचारत न्हाई."

मगदूम मोठ्यानं हसले. "ती विचारत नाही, आकाराम. तिनं नाद सोडलाय."

तक्रार खरी होती. अर्धा तास काही हालचाल नसली की आमची वेबसाईट माणसाला विसरायची. मग पुन्हा नाव, पासवर्ड आणि वर फोनवर मेसेजनं येणारा सहा आकडी नंबर. हिरडेवाडीची चौकी, म्हणजे पट्टी वाचणाऱ्यानं बसायची खोली, नदीच्या खोबणीत, गावच्या देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी. तिथे पान कसंबसं उघडायचं, पण मेसेज यायचा नाही. तो घ्यायला आकाराम दर तासाला टेकडीवर जायचे. वर जाऊन खाली येईस्तोवर चाळीस मिनिटं.

मी त्यांना समजावलं. यंत्राला आठवण नसते. तुम्ही दर वेळी पान उघडता तेव्हा त्याच्या लेखी तुम्ही नवेच. म्हणून एकदा ओळख पटली की सर्व्हर स्वतःकडे तुमच्या नावाची एक ओळ लिहून ठेवतो आणि तुमच्या फोनला एक लांबलचक आकडा देतो. पुढच्या वेळी फोन तो आकडा दाखवतो, सर्व्हर आपली ओळ शोधतो आणि म्हणतो, हे तर गुरव, येऊ द्या आत. फोनमध्ये तुमचं नाव नाही, पासवर्ड नाही. नुसता आकडा. बाकी सगळं इथे, आमच्याकडे.

आकारामांनी फोन उलटासुलटा करून पाहिला.

"म्हंजे आमच्या चप्पल स्टँडचं हाय."

"कसं?"

"यात्रेला देवळाच्या पायरीशी स्टँड आमच्याच घरचं असतंय. बिल्ल्यात काय चपला असत्यात व्हय? चपला खनात. बिल्ल्यावर नुसता आकडा. त्यो दावला की आमी खन बघतो. बिल्ला त्येच्याकडं, चपला आमच्याकडं."

मी त्यानंतर शेकडो मुलांना हा विषय शिकवला. याहून चांगलं कोणी सांगितलेलं मला माहीत नाही.

"मग मॅडम, तुमी अर्ध्या तासात चपला रस्त्यावर का टाकताय?"

मी त्यांच्यासमोरच बदल केला. पट्टीवरच्या चौदा फोनांची ओळ पुसायची नाही. दिवसातून एकदा जरी आकडा आला तरी ती जिवंत ठेवायची. मग त्यांच्या फोनवर पान उघडून दाखवलं.

"आता एकच करायचं नाही. हे खाली लाल बटण आहे ना, 'बाहेर पडा', ते दाबायचं नाही. ते दाबलंत की इथली ओळ पुसली जाते."

बटणाचं हे नाव मगदूमांचं. वेबसाईटवर एकही इंग्रजी शब्द नको, असा त्यांचा आग्रह होता. 'लॉगआऊट' काढून त्यांनीच ते लिहायला लावलं.

"न्हाई दाबत," आकाराम म्हणाले. "तुमी सांगशिला तवाच दाबीन."

जाताना त्यांनी पिशवी सोडून आपली वही दाखवली. फोन असला तरी ते आधी वहीत लिहायचे. चार रकाने: वेळ, फूट, इंच, शेरा. "वेळ आदी लिवायची, मग पान्याकडं बघायचं. आदी पान्याकडं बघितलं की मानूस तितंच ऱ्हातंय. घड्याळ ध्यानात येत न्हाई." मग वही पिशवीत घातली, तोंडाला दोरीचे वेढे दिले, एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली.

त्या दिवसापासून पुराच्या मंगळवारपर्यंत सातशे अडुसष्ट दिवस झाले. बाकी तेरा जणांपैकी कोणी फोन बदलला, कोणी बटण दाबून पाहिलं, कोणाच्या नातवानं दाबलं. त्यांच्या ओळी पुसल्या गेल्या, नव्या झाल्या. आकारामांची ओळ पहिलीच होती. यादीत सगळ्यांत वर.

त्या मंगळवारी नऊ वाजेपर्यंत चौदापैकी नऊ पट्ट्या गप्प झाल्या होत्या. फोन लागत नव्हते. हिरडेवाडीचाही लागत नव्हता. पण आकडा येत होता. दर तासाचा नियम असताना आकाराम दर पंधरा मिनिटांनी भरत होते. नऊला चौतीस फूट दोन इंच. सव्वानऊला चौतीस फूट दहा. मगदूम प्रत्येक आकडा फळ्यावर खडूनं लिहीत होते आणि दर वेळी फळ्याकडे पाठ करून उगीच खिडकीपर्यंत जाऊन येत होते.

दहा वाजता वेबसाईट अडखळू लागली. सगळा जिल्हा तीच उघडून बसला होता. पान यायला आधी दहा सेकंद लागत होते, मग चाळीस.

"चौगुले मॅडम, तुमची वेबसाईट म्हशीसारखी बसली की हो."

"सर्व्हर भरलाय. बंद करून पुन्हा चालू करावा लागेल."

"मग करा की. माझी परवानगी कशाला?"

"त्या ओळी सर्व्हरच्या चालू आठवणीत आहेत, साहेब. बंद केला की सगळ्या जातात. आकारामांचीही."

मगदूम खिडकीपाशीच थांबले. "म्हणजे त्याला पुन्हा..."

"पुन्हा मेसेज लागेल. आणि मेसेज तिथे येत नाही."

"टेकडी?"

"टेकडीची वाट सकाळपासून पाण्याखाली आहे. त्यांनी सातच्या शेऱ्यात लिहिलंय."

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. पान आता उघडतच नव्हतं. म्हणजे आकडासुद्धा आत येणार नव्हता.

"चपला दुसऱ्या खणात हलवता येतात का?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांपूर्वीचा शब्द त्यांच्याही लक्षात होता.

येत होत्या. पण हे मी आधी कधी केलं नव्हतं; दोन वर्षांत सर्व्हर एकदाही बंद करावा लागला नव्हता. सगळ्या ओळी आठवणीतून काढून डिस्कवर लिहायच्या, सर्व्हर बंद करायचा, चालू करायचा आणि ओळी जशाच्या तशा परत ठेवायच्या. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी बिल्ला जुळणार नाही. मला चौदा मिनिटं लागली. दहा एकतीसला मी सर्व्हर बंद केला. दहा चौतीसला तो पुन्हा उठला.

"आता?"

"आता पावणेअकराची वाट बघायची."

पावणेअकरा वाजले. फळ्यावर काही लिहिलं गेलं नाही. दहा शेहेचाळीस. मगदूमांनी खडूचे दोन तुकडे केले. मी पडद्याकडे बघत होते आणि मनात एकच गोष्ट होती. चाळीस किलोमीटरवर पाण्याच्या आवाजात एक माणूस हातातला फोन सर्व्हरकडे धरून उभा आहे, आणि सर्व्हर तो माणूस कोण हे विसरला आहे की नाही, ते आता कळेल.

दहा सत्तेचाळीसला आकडा आला. सदतीस फूट चार इंच. शेऱ्यात लिहिलं होतं, 'यंत्र दमलं होतं.'

मगदूमांनी फळ्यावर आकडा लिहिला आणि तो पुन्हा एकदा गिरवला. मी यादी उघडून पाहिली. सर्वांत वरची ओळ, बत्तीस अक्षरांची, सातशे अडुसष्ट दिवसांची, जागच्या जागी होती. सर्व्हर मरून पुन्हा उठला होता आणि तरी त्यानं विचारलं नव्हतं, तू कोण? ही वेबसाईट मीच लिहिली होती, कोणती ओळ काय करते ते मला तोंडपाठ होतं. तरीही मी ती ओळ दोनदा वाचली.

अकराला सदतीस दहा. सव्वाअकराला अडतीस तीन. साडेअकराला अडतीस फूट नऊ इंच. मगदूमांनी तहसीलदारांना वायरलेसवर आकडा सांगितला. अकरा चौतीसला चिंचणी पेठ उठवायचा हुकूम सुटला.

अकरा छत्तीसला दुसरी बातमी आली. हिरडेवाडीच्या वर डोंगरात एक जुना मातीचा तलाव आहे. त्याचा बांध खचायला लागला होता. तो सुटला तर तासाभरात हिरडेवाडीची चौकी राहणार नव्हती.

"आकारामला उठवा," मगदूम म्हणाले. "फोन लावा."

"फोन लागत नाही."

"मग त्या पानावर? ती सूचनेची पट्टी असते ना वर?"

असते. प्रत्येकाच्या पानावर सगळ्यांत वर एक ओळ. मी ती उघडली.

"काय लिहू?"

"काय लिहू काय? लिहा, आकाराम, लगेच बाहेर पडा!"

मी लिहिलं. आकाराम, लगेच बाहेर पडा. वेळ अकरा अडतीस. खाली माझं नाव टाकलं, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल.

अकरा एक्केचाळीसला त्यांनी सूचनेखालचं 'वाचलं' हे बटण दाबलं. मगदूमांनी टेबलावर थाप मारली. अकरा बेचाळीसला यादीतली सर्वांत वरची ओळ नाहीशी झाली. तिच्या जागी नोंद आली: हिरडेवाडी, बाहेर पडले.

"गेला!" मगदूम म्हणाले. "सुटला बाबा एकदाचा."

मी अजून यादीकडेच बघत होते म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, त्यांनी बटण दाबलंय."

"मग?"

"'बाहेर पडा'चं बटण. लाल. मी त्यांना सांगितलं होतं, ते कधी दाबू नका. ते म्हणाले होते, तुमी सांगशिला तवाच दाबीन. आत्ता मी सांगितलं."

मगदूमांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीवर बसले.

"म्हणजे तो चौकीतच बसलाय?"

"माहीत नाही."

"निघताना बंद करून निघाला असेल. तो तसा आहे. कुलूप दोनदा ओढून बघतो."

"असेलही."

"पुन्हा सांगा त्याला. स्पष्ट लिहा."

"कुठे लिहू? ते आत नाहीत आता. त्यांचं पानच नाही."

एकच जागा उरली होती. आत येण्याचं पहिलं पान. ते सगळ्या जगाला दिसतं. अकरा सत्तेचाळीसला मी त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आकाराम गुरव, चौकी सोडा, पायऱ्या चढून देवळात जा. अकरा पन्नासला त्या भागातला टॉवर बंद पडला. मधल्या तीन मिनिटांत ते पान दोनशे बारा जणांनी उघडलं. त्यांत आकाराम होते का, हे सर्व्हर सांगू शकत नाही. बिल्ला नसला की त्याच्यासाठी सगळे सारखेच.

पाणी चिंचणीत साडेतीनला शिरलं. पाच वाजता बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या बुडाल्या. तोपर्यंत पेठ रिकामी होती. दवाखान्यातले एकतीस रुग्ण ट्रॉलीतून वर नेले होते. चिंचणीत एकही माणूस गेला नाही.

डोंगरातला बांध सुटला आणि हिरडेवाडीला चौकीचा पाया तेवढा शिल्लक राहिला. आकाराम सापडले नाहीत.

नवव्या दिवशी त्यांची बायको कक्षात आली. शालनबाई. मगदूमांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चपलेच्या बिल्ल्याच्या मॅडम त्या तुमीच?"

"हो."

"सांगत हुतं मालक. शेवटाला तुमीच काय तरी लिवलं म्हनं त्यास्नी."

"बाहेर पडा, असं लिहिलं."

"मग पडलं असतील. सांगितल्यालं मोडत न्हाईत."

त्यांना तेवढ्यावरच जाऊ द्यावं, असं मगदूमांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी सगळं सांगितलं. बटणाचं नाव, दोन वर्षांपूर्वीचं बोलणं, नाहीशी झालेली ओळ.

"बटन दाबलं म्हंजे त्येनी काय केलं?" शालनबाईंनी शेवटी विचारलं.

"म्हणजे... बिल्ला परत दिला."

"मग बराबर हाय की." त्या उठल्या, पदर सारखा केला. "चपला घातल्याबिगर बिल्ला कोन परत देतंय?"

मगदूम खिडकीकडे वळले. मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

त्यानंतर पाच महिन्यांनी, जानेवारीत, हिरडेवाडीच्या खाली नऊ किलोमीटरवर ऊसतोड चालू होती. तोडणीवरच्या एका बाईला सरीत चिखलानं माखलेली युरियाची पिशवी मिळाली. पोलीस पाटलांनी पंचनामा केला आणि पिशवी आमच्याकडे आली. आत वही होती. कडा भिजलेल्या, आतली पानं कोरडी. अक्षर पेन्सिलीचं, त्यांचंच.

साडेअकरा, अडतीस फूट नऊ इंच. हा आकडा सर्व्हरवरही आहे. त्याच्यापुढे शेऱ्यात: 'मॅडमच्या सांगण्यावरून बाहेर.'

त्यातून काहीच कळत नाही. पण वही तिथे संपत नव्हती. पावणेबारा, एकोणचाळीस चार. बारा, एकोणचाळीस अकरा. दोन्हींपुढे शेरा 'पट्टी'. म्हणजे तोवर ते चौकीपाशी होते. चौकीचा उंबरा एक्केचाळीस फुटांवर. पुढच्या नोंदीही दर पंधरा मिनिटांच्याच आहेत, मी अर्ध्या तासाच्या तेवढ्या सांगते. साडेबाराला लिहिलंय एक्केचाळीस फूट दोन इंच, आणि शेरा बदललाय. 'पायरी १.' एक वाजता चव्वेचाळीस आठ, 'पायरी ७.' दीडला सत्तेचाळीस सात, 'पायरी १२.' दोन वाजता एकोणपन्नास फूट अकरा इंच, 'पायरी १६.'

पुलावरची पट्टी पंचेचाळीस फुटांपर्यंतच रंगवलेली आहे. पुढचं पाणी मोजायला तिथे काहीही नव्हतं.

मगदूम दुसऱ्याच दिवशी उंची मापायची दुर्बीण घेऊन हिरडेवाडीला गेले. मीही गेले. नदीकाठापासून देवळापर्यंत एकतीस पायऱ्या आहेत. त्यांनी प्रत्येक पायरी मोजली. प्रत्येक बरोबर सात इंच. सोळावी पायरी पट्टीच्या हिशोबानं एकोणपन्नास फूट अकरा इंचांवर निघाली. मगदूमांनी पुन्हा मोजली. तेवढीच. त्यांनी टोपी काढली आणि पायरीवर बसले.

"मोजत चढलाय," ते म्हणाले. "पाणी मागं आणि हा मोजत चढलाय. आकडा कुणाला देणार होता?"

आत यायला बिल्ला नव्हता, टॉवर नव्हता, पलीकडे कोणी ऐकत आहे हे सांगणारं काही नव्हतं. तरी दर पंधरा मिनिटांची नोंद होती आणि इंचाचीही चूक नव्हती.

चिखलाची खूण सतराव्या पायरीवर होती. पाणी तिच्या वर गेलंच नाही. वरच्या चौदा पायऱ्या त्या दिवशी कोरड्या होत्या आणि देऊळ उघडं होतं.

वेबसाईट त्यानंतर तीनदा बदलली. बटणावर आता 'काम संपवा' असं लिहिलेलं असतं. प्रत्येक बदलात मी जुन्या नोंदींतली ती एक ओळ नव्या ठिकाणी नेते. हिरडेवाडी, ११.४२, बाहेर पडले. आकाराम गुरव यांचं नाव सरकारी कागदात अजून बेपत्तांच्या यादीत आहे. यात्रेला चप्पल स्टँडवर शालनबाई बसतात.

वहीत दोन वाजताच्या खाली आणखी एक ओळ आहे. वेळेच्या रकान्यात २.१५ लिहिलंय. फूट, इंच आणि शेरा हे रकाने कोरे आहेत.

आणि पंचनाम्यात शेवटून दुसरं वाक्य असं आहे: पिशवीचे तोंड नायलॉनच्या दोरीने, एकावर एक दोन गाठी मारून, बांधलेले होते.